बिनपगारी झीलकरी

पोवाडा किंवा छक्कड रंगात आली की मुख्य शाहिराच्या मागे, डफ-तुणतुण्याच्या आडोशाला उभे राहून ओळीचा शेवट उचलणारा आणि 'जी जी रं जी' करत तो लांबवर नेऊन सोडणारा जो साथीदार असतो, त्याला झीलकरी म्हणतात. त्याच्या कामाचे वैशिष्ट्य असे, की फडातला सर्वांत मोठा आवाज त्याचा असतो आणि मजकुराची सर्वांत कमी जबाबदारीही त्याचीच असते. कोणाची जमीन सावकाराने गिळली, कोणाची गिरणीतली पाळी गेली, कोणावर गोळी चालली हे शाहीर ओळीच्या आरंभी सांगून मोकळा होतो. झीलकऱ्याच्या वाट्याला त्या साऱ्या वृत्तान्ताचे शेवटचे अक्षर येते आणि ते तो इतक्या प्रसन्नपणे लांबवतो, की वृत्तान्त दुःखाचा होता याचा श्रोत्यांना क्षणभर विसर पडतो. समाजाची दुखणी गोष्टीरूपाने गाणाऱ्या कलावंताचा जो निस्सीम चाहता असतो, त्याची व्याख्या करायची झाल्यास 'बिनपगारी झीलकरी' याहून नेमका शब्द मराठीत सापडणे कठीण आहे.

पाश्चात्त्य रॉक संगीतात स्वतः गाणे रचणाऱ्या, स्वतः चाल लावणाऱ्या आणि स्वतःच ते गाणाऱ्या माणसासाठी गायक-गीतकार असा जोडशब्द वापरावा लागतो, कारण तिकडे ही तिन्ही कामे एकाच अंगावर असणे ही मुद्दाम सांगण्याजोगी गोष्ट मानली जाते. मराठीला या जोडशब्दाची गरज कधी पडली नाही. 'शाहीर' हा शब्द अरबीतल्या 'कवी' या अर्थाच्या शब्दावरून आला आणि येथे येऊन त्याने डफही हाती घेतला. भावगीत-भक्तिगीताच्या प्रांतात मात्र कामाची वाटणी झालेली असल्याने तेथील चाहत्याची नेहमीच ओढाताण होते. नृसिंहवाडीत पेढ्यांच्या दुकानांतून दिवसभर दत्तगीते ऐकू येतात. त्यांतली अनेक आर. एन. पराडकरांच्या आवाजातली असतात आणि तो आवाज वाडीतले पोरही ओळखते, परंतु त्यांतल्या कितीतरी गाण्यांचे शब्द येथून वरच्या बाजूला कृष्णेच्याच काठी असलेल्या औदुंबरच्या कवी सुधांशूंचे आहेत, हे सांगितल्यावर पेढे बांधणारा हात थांबतो, मान आदराने हलते आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळते. शाहिराच्या बाबतीत असा घोटाळा संभवत नाही. तेथे ज्याचे शब्द त्याचाच घसा, आणि ज्याचा घसा त्याच्यावरच खटला.

नृसिंहवाडी ऊर्फ नरसोबाची वाडी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातले, कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरचे दत्तक्षेत्र आहे; बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी आणि कृष्णाकाठची वांगी ही त्याची ऐहिक कीर्ती आहे. अशा गावात अण्णाभाऊ साठे यांच्यासारख्या कम्युनिस्ट शाहिराचा चाहता असणे वरकरणी विसंगत वाटते. ज्यांच्या लोकनाट्यात गणपतीला वंदन करणाऱ्या परंपरागत गणाऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन आले आणि कृष्ण-गोपींची गवळण बाहेर गेली, त्यांच्या गाण्याने देवाच्या दारी जागा कशी मिळवावी, हा प्रश्न वाडीच्या चाहत्यालाही पडलेला असतो. मात्र चाहता हा मूळचा भाविक असल्याने तो प्रश्नापुढे फार काळ उभा राहत नाही. तो भूगोलाचा आधार घेतो. अण्णाभाऊंचे जन्मगाव वाटेगाव हे सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे. वाळवा तालुका कृष्णा आणि वारणा यांच्या मध्ये पसरलेला आहे. त्यामुळे वाटेगावच्या शिवारात पडलेला थेंब कृष्णेला गेला तरी, आणि वारणेला जाऊन सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर कृष्णेत मिसळला तरी, त्याला अखेर वाडीच्या घाटाखालूनच जावे लागते. मान्सून आहे तोवर हा युक्तिवाद खोडून काढणे कोणालाही शक्य नाही. लाल बावटा कलापथक ज्या तिघा शाहिरांनी 1944 मध्ये उभे केले, त्यांपैकी अमर शेख बार्शीचे मेहबूब पटेल होते, अण्णाभाऊंचे मूळ नाव तुकाराम होते आणि गव्हाणकरांचे नाव तर साक्षात दत्ता होते, हे सांगताना चाहत्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते ते एरवी मुखदर्शनाची रांग निम्म्यावर आल्यावरच दिसते.

अण्णाभाऊंचे चरित्र चाहत्याला पाठ असते आणि त्यात आकड्यांना विशेष स्थान असते. 1 ऑगस्ट 1920 रोजी जन्म, दीड दिवसाची शाळा, वाटेगाव ते मुंबई पायी प्रवास, गिरणीतली मजुरी, घाटकोपरच्या चिरागनगरातली झोपडी, पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या, 1959 ची 'फकिरा', 1961 ची रशियावारी आणि 18 जुलै 1969 रोजी मृत्यू. त्यांतल्या दीड दिवसाच्या शाळेवर चाहत्याचे जे प्रेम असते ते पस्तीस कादंबऱ्यांवर नसते, याचे कारण उघड आहे: शाळा दीड दिवसात संपते, कादंबऱ्यांना तेवढ्यात उरकता येत नाही. 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रशियन भाषेत गेला आणि पुढे 2022 मध्ये मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळाही उभा राहिला, या दोन घटनांमधले अंतर कित्येक दशकांचे असले तरी चाहत्याच्या कथनात पोवाडा संपतो न संपतो तोच पुतळ्यावरचा पडदा दूर होतो.

शाहिराची खरी ताकद मात्र आकड्यांत नसून गोष्ट सांगण्यात असते, आणि ते जाणून घेण्यासाठी 'माझी मैना गावावर राहिली' ही एक छक्कड पुरेशी आहे. छक्कड हा लावणीचाच एक सुटसुटीत, चटकदार ठेक्याचा प्रकार. या छक्कडीत पोटासाठी मुंबईला निघालेला गडी मागे राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिचे रूप, तिचा साज, निरोपाची घालमेल हे सगळे लावणीच्या सराईत थाटात येते आणि ऐकणारा सैलावून बसतो. मग मुंबई येते. तिच्यातले धनिक येतात, बेकार येतात, उपाशी हात येतात. आणि अखेरीस, श्रोता पुरता बेसावध असताना, शाहीर मैनेच्या ताटातुटीवर एकाएकी महाराष्ट्राची ताटातूट ठेवून देतो: बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही मागे राहिलेली माणसे, आणि त्यांच्यासाठी चाललेला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. राजकीय मागणी विरहगीताच्या पदराखाली झाकून नेण्याची ही युक्ती इतकी बेमालूम आहे, की पदर अजूनही अनेकांनी उचललेला नाही. लग्नाच्या वरातीत ही छक्कड वाजते तेव्हा मैनेच्या रूपावर नाचणारी मंडळी नेमकी सीमाप्रश्नाच्या आसपास दमतात, आणि डीजे चालवणाऱ्यालाही तोवर दुसरे गाणे लावायची घाई झालेली असते.

वाडीच्या चाहत्याला ही उपेक्षा खुपते, आणि तो ते बोलूनही दाखवतो. सीमाप्रश्नाचे गांभीर्य त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण शिरोळ तालुका कर्नाटकाला लागून आहे आणि पौर्णिमेला दत्तदर्शनासाठी कर्नाटक परिवहनच्या गाड्या भरभरून येतात. गाण्यात परकी झालेली भूमी दर महिन्याला सहकुटुंब वाडीत उतरते, कन्नडमध्ये बासुंदीचा भाव विचारते, मराठीत घासाघीस करते आणि संध्याकाळी परत जाते. एवढ्या नियमित भेटीगाठी होत असताना विरहाची तार ताणून धरणे सोपे नाही, आणि चाहत्याची निष्ठा येथे खरी कसोटीला लागते.

साखर हंगामात मात्र याच छक्कडीला एक असा अर्थ लागतो, जो खुद्द शाहिराच्या आराखड्यात नव्हता. शिरोळ हा उसाचा तालुका असल्याने पाऊस सरला की रस्ते ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर डोलणारा ऊस, आणि ट्रॅक्टरच्या डोक्यावर किंवा मडगार्डाजवळ ट्रॅक्टरच्या मानाने बराच मोठा असा ध्वनिक्षेपक. त्यातून मैना मोठ्या आवाजात जात असते. ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात; मुकादम उचल देतो ती माणसांना नव्हे, कोयत्यांना. म्हणजे ज्यांच्या ट्रॅक्टरवर हे गाणे वाजते त्यांची मैना गावावर राहिलेलीच नसते. ती पहाटेपासून फडात असते, मोळी डोक्यावर घेऊन आडव्या फळीवरून ट्रॉलीवर चढते आणि तिचे रूप वर्णन करणारे गाणे चालू असताना तिचा पाय घसरू नये एवढीच तिची त्या गाण्याकडून अपेक्षा असते. गावावर राहिलेली असतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत नाव असलेली मुले. चाहता हे दृश्य रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी करून पाहतो, अण्णाभाऊ आज असते तर यावर काय लिहिले असते असे उद्गारतो, आणि ट्रॅक्टर पुढे गेला की मोटारसायकल चालू करताना गाण्याचा शेवट स्वतःशी लांबवत राहतो. झीलकऱ्याचा स्वभाव तो.

अर्थात वाडीच्या चाहत्याने यात एकटेपणा मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात 1949 मध्ये जन्मलेला ब्रूस स्प्रिंगस्टीन हा रॉक संगीतातला असाच गोष्टी सांगणारा माणूस. बंद पडलेल्या गिरण्या, कामावरून काढलेले कामगार, घरी परतलेले सैनिक ही त्याची पात्रे. त्याच्या 1984 च्या 'बॉर्न इन द यू. एस. ए.' या गाण्यातला सैनिक व्हिएतनामच्या युद्धावरून परततो तर त्याला कोणी कामावर घेत नाही. मात्र गाण्याचे ध्रुपद मूठ आवळून ओरडण्याजोगे असल्याने असंख्य लोकांनी ते देशाभिमानाचे गीत समजून छातीवर हात ठेवून म्हटले. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी न्यू जर्सीतल्या एका सभेत या गायकाच्या गाण्यांतल्या आशेच्या संदेशाचा गौरवाने उल्लेख केला. ध्रुपदापुढे अंतरा टिकत नाही, हा नियम एवढा सार्वत्रिक आहे की तो वरातीच्या डीजेला आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना सारखाच लागू पडतो. हाच गायक 30 सप्टेंबर 1988 रोजी मानवी हक्कांसाठी निघालेल्या जागतिक दौऱ्यात दिल्लीत येऊन गाऊन गेला होता. वाडीचा चाहता त्याच्याकडे काहीशा नाराजीने पाहतो, ती एवढ्यासाठीच की दिल्लीपर्यंत आलेल्याने पुढे मिरजेपर्यंत येऊन पॅसेंजर पकडायला हरकत नव्हती.

दोन शाहिरांची तुलना हा चाहत्यांचा आवडता उद्योग आहे आणि त्यात न्यायाधीश व पक्षकार एकच असल्याने निकाल लवकर लागतो. स्प्रिंगस्टीनने 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर केलेल्या एकपात्री प्रयोगात, आपण आयुष्यात कधी कारखान्यात काम केलेले नाही, कारखान्याविषयी लिहून मात्र नाव कमावले, अशी कबुली हसतहसत दिली. ही कबुली ऐकताच अण्णाभाऊंचा चाहता समाधानाने मागे रेलतो, कारण त्याच्या शाहिराने गिरणीत घाम गाळलेला आहे. वास्तविक हा मुद्दा कलेच्या दृष्टीने फारसा वजनदार नाही. स्वतः गिरणीत राबलेले हजारो लोक होते आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांना छक्कड लिहिता आली. शिवाय स्प्रिंगस्टीनची 1980 मधली 'द रिव्हर' या नावाची एक गोष्ट आहे: कोवळ्या वयात लग्न करावे लागलेला एक तरुण, बांधकामाचे काम आटलेले, बोलणे संपत आलेली बायको, आणि पूर्वी जेथे दोघे पोहायला जात ती नदी. गोष्टीच्या अखेरीस नदी कोरडी असल्याचे त्याला ठाऊक असते, तरीही तो तिकडे जातो. हे ऐकून वाडीच्या चाहत्याला प्रथम नवल वाटते, कारण नदीबद्दल त्याची तक्रार नेमकी उलटी आहे. 2005, 2019 आणि 2021 या वर्षांत तिने शिरोळ तालुक्याची घरेच्या घरे पाण्याखाली घेतली, आणि उन्हाळ्यात पंचगंगेवर जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरून पाण्याला वास सुटला की ती असून नसल्यासारखीच होते. मग तो थोडा विचार करतो आणि म्हणतो, की गोष्ट आपल्याकडची वाटते.

गाऱ्हाण्याचे गाणे होणे आणि गाण्याचा उत्सव होणे ही प्रक्रिया समजून घ्यायची तर वाडीइतकी सोयीची जागा दुसरी नसेल. येथील मंदिर नदीच्या घाटावरच, औदुंबराखाली आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढत चढत एका बाजूने गाभाऱ्यात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दरवाजाने बाहेर पडते. यालाच दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी कोल्हापूर, सांगली, बेळगावहून लोक मिळेल त्या वाहनाने धावतात. दुसऱ्या कोणत्याही गावात देवळात पुराचे पाणी शिरले तर त्यास आपत्ती म्हणतात. वाडीत ती पायरी येण्यापूर्वी एक पर्वणी येऊन जाते. पाणी आणखी चढले की मग उत्सवमूर्ती वर हलवावी लागते, दुकानांतला माल माडीवर जातो, आणि ज्यांनी सकाळी स्नान केले तेच दुपारी गुरे बाहेर काढू लागतात. उत्सव आणि आपत्ती यांच्यात येथे काही पायऱ्यांचेच अंतर असते, आणि ते अंतर मोजत घाटावर उभे राहणे हे वाडीकरांचे पावसाळ्यातले नित्यकर्म होय.

गाण्याच्या बाबतीतही तेच. टेंबे स्वामी म्हणजे वासुदेवानंद सरस्वती यांची करुणात्रिपदी, अर्थात करुणा भाकणारी तीन पदे, ही मुळात एक कळवळून केलेली विनवणी आहे. त्यात देवाला राग आवरायला सांगितले आहे आणि आपल्या अपराधांची कबुलीही दिली आहे. शंभराहून अधिक वर्षे ती दत्तमंदिरांत रोज म्हटली जात असल्याने आता ती इतक्या सरावाने, टाळांच्या इतक्या बिनचूक ठेक्यात उमटते, की कबुली देणाऱ्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नसतो. कोणाचे लक्ष चपलांकडे असते, कोणाचे प्रसादाकडे. याला कोणी ढोंग म्हणू नये. रोज रडायचे तर चाल गोड असावी लागते. शाहिराच्या गाण्यावरही असेच पाणी चढते: तक्रार उत्तरेकडून आत येते, चाहत्यांच्या मस्तकावरून वाहते आणि दक्षिण दरवाजाने सोहळा होऊन बाहेर पडते.

मैनेचा आणि वाडीचा संबंध याहूनही जवळचा आहे, असे एक मत येथील चाहत्यांत आहे, आणि ते शास्त्रार्थाच्या कसोटीला उतरणारे नसले तरी नोंदवण्याजोगे आहे. परंपरेनुसार नृसिंह सरस्वती या स्थानी बारा वर्षे राहिले आणि मग गाणगापूरला निघून गेले. चौसष्ट योगिनींनी विरहाने आक्रोश केला तेव्हा त्यांनी येथे पादुका ठेवल्या, आणि वाडी आजतागायत मूर्तीऐवजी त्या मनोहर पादुकांचीच पूजा करते. म्हणजे जाणारा गेला, पाऊलखुणा राहिल्या. या न्यायाने गावावर राहिलेली मूळ मैना म्हणजे खुद्द वाडीच होय, असा निष्कर्ष चाहता काढतो आणि समोरच्याने डोळे विस्फारेपर्यंत थांबतो. अण्णाभाऊंना हा निष्कर्ष कितपत रुचला असता हे सांगता येत नाही. पण जाणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्याच्या बाजूने गोष्ट सांगण्याची ही खोड चाहत्याला त्यांच्याकडूनच लागलेली आहे.

चाहत्याच्या वर्षातला मोठा दिवस 1 ऑगस्ट. त्या दिवशी लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊंची जयंती एकत्र येत असल्याने शाळांतून दोन्ही तसबिरी शेजारी शेजारी ठेवतात, एकच हार तोडून दोन करतात, आणि पाचवी-सहावीतला वक्ता शेंगांच्या टरफलांवरून निघून थेट फकिरावर उडी घेतो. बाहेर मिरवणुकीची तयारी चालू असते. नेमक्या याच दिवसांत धरणांतून पाणी सोडल्याच्या बातम्या येत असतात, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे किंवा 43 फुटांच्या धोका पातळीकडे निघालेली असते, आणि वाडीत जयंतीची पताका लावणारा हात मध्येच थांबून घाटाच्या किती पायऱ्या उरल्या याची चौकशी करतो. एखाद्या वर्षी जयंतीची आणि दक्षिणद्वाराची गर्दी एकत्र आली तर ध्वनिक्षेपकावर कशाला अग्रमान द्यायचा, यावर जी चर्चा होऊ शकते तिच्यात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद तितकेच बळकट असतात.

झीलकऱ्याविषयी येथवर जे लिहिले त्यात एक बाजू राहून गेली. फडात झील धरली जाते ती शोभेसाठी नव्हे. शाहीर एका दमात सारा पोवाडा म्हणू शकत नाही. त्याला श्वास घ्यायचा असतो, घशाला उसंत द्यायची असते, पुढचा चौक आठवायचा असतो, डफ जरा सैल झाला असेल तर शेकून घ्यायचा असतो. तेवढा वेळ गाणे जमिनीवर पडू न देता हवेत धरून ठेवणे हे झीलकऱ्याचे काम. लाल बावटा कलापथकावर सरकारने बंदी आणली तेव्हा कार्यक्रम बंद पडले, गाणी बंद पडली नाहीत; ती गिरणीच्या फाटकाजवळ, चाळीच्या गॅलरीत, परतीच्या गाडीत अशा लोकांच्या तोंडी राहिली ज्यांना मधल्या कितीतरी ओळी धड आठवत नव्हत्या. ज्याला अंतरा येत नाही त्याने ध्रुपद धरून ठेवले, म्हणून अंतरा येणाऱ्याला परत येऊन उभे राहायला जागा उरली. अण्णाभाऊंचा घसा 1969 मध्ये थांबला, तेव्हापासूनचा हा श्वास जरा लांबला आहे, एवढेच.

पूर वाडीच्या बाजारपेठेत शिरू लागला की दुकान वर हलवण्याचा एक क्रम ठरलेला असतो. आधी खवा आणि साखरेची पोती, मग वजनकाटा, मग काचेच्या बरण्या, मग देवाची तसबीर, आणि सर्वांत शेवटी ध्वनिक्षेपक, कारण शेजारच्या दुकानात हाताला माणसे कमी असतात आणि गाणे चालू असले की मंडळी जरा जोराने उचलतात. घोट्यापर्यंत पाणी आलेले असते, बरण्यांची माळ हातोहात जिना चढत असते, दत्तगीतांची मालिका संपून कोणीतरी लावलेली मैना चालू झालेली असते, आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा असलेला तो चाहता दोन्ही हातांत चार-चार किलोंची बरणी असल्यामुळे टाळी देऊ शकत नाही. ओळीचा शेवट मात्र तो धरतो आणि खालचा माणूस पुढची बरणी हातात देईपर्यंत सोडत नाही.